‘आम्ही’ची दुसरी सही

परिपत्रक आलं तेव्हा डॉक्टर गच्चीवरून नुकतेच खाली उतरले होते आणि सदऱ्याच्या बाहीला नेहमीप्रमाणे तांबूस डाग पडलेला होता. परिपत्रकात म्हटलं होतं, की संस्थेतल्या प्रत्येक शास्त्रज्ञाने दर आठवड्याला समाजमाध्यमावर ‘व्यावसायिक, रंजक व प्रेरणादायी’ अशी निदान एक पोस्ट टाकावी. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. व्यावसायिक, इथवर ठीक होतं. रंजक होण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा घरी आलेल्या पाहुण्यांवर केला होता. पाहुण्यांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं. पण प्रेरणादायी? डॉक्टरांचा विषय गंज होता. गंजापासून प्रेरणा घेऊन माणसाने करायचं काय, तर एका जागी बसून झिजायचं. आणि ते तर संस्थेतले निम्मे लोक परिपत्रकाशिवायच करत होते.

डॉक्टर म्हणजे औषधपाण्याचे नव्हेत, हे इथेच सांगितलेलं बरं. त्यांच्या इमारतीत हा फरक अजून कोणाला पटलेला नाही. तळमजल्यावरच्या आजी त्यांना जिन्यात गाठून गुडघा दाखवतात. एकदा वैतागून डॉक्टर म्हणाले, “आजी, मी लोखंडाचा डॉक्टर आहे हो.” आजींचा चेहरा उजळला. “मग बरंच की! आत प्लेटच टाकलीय.”

तर, लोखंड. संस्थेच्या गच्चीवर एक तिरका लाकडी मांडव होता. तीस वर्षांपूर्वी त्यावर हाताच्या पंजाएवढ्या तीस लोखंडी पट्ट्या टांगल्या होत्या. दरवर्षी एक पट्टी उतरवायची, तिचा गंज काढायचा, वजन करायचं आणि वर्षभरात किती लोखंड हवेने खाल्लं ते लिहून ठेवायचं. बस्स. प्रयोग एवढाच, पण त्याला घाई चालत नाही. एकोणतीस पट्ट्या उतरून झाल्या होत्या. गच्चीवर आता एकच पट्टी उरली होती, वाऱ्यावर एकटीच हलायची, आणि येत्या महिनाअखेरीला तीही उतरायची होती.

पहिल्या एकोणीस पट्ट्या दोघांनी उतरवल्या होत्या. डॉक्टरांनी आणि त्यांच्या जोडीदाराने. पुढच्या दहा डॉक्टरांनी एकट्याने. मधे झालं काय, तर जोडीदार संस्था सोडून एका रंगाच्या कंपनीत गेला. आता, गंजावर काम करणाऱ्या माणसाने रंगाच्या कंपनीत जाणं म्हणजे शत्रूच्या तंबूत जाऊन त्यांच्यासाठी तंबू शिवणं. डॉक्टरांनी तसं बोलून दाखवलं. जोडीदारानेही काही बोलून दाखवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती, आणि शेवटची पट्टी त्याच्याशिवाय उतरवावी लागणार हा विचार डॉक्टरांच्या बुटात खडा शिरावा तसा शिरून बसला होता. खडा दिसत नाही, पण माणूस वेगळा चालायला लागतो.

परिपत्रक वाचता वाचता डॉक्टरांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. खाजगी कंपन्यांतली झाडून सारी माणसं त्या व्यावसायिक साइटवर असतात. जोडीदारही असणार. म्हणजे पोस्ट टाकायची जगासाठी आणि वाचायची एकाने. आपण होऊन बोलावल्यासारखंही होणार नाही. वरून हुकूमच आहे म्हटल्यावर माणूस करणार काय?

पहिली पोस्ट त्यांनी चार दिवस लिहिली. ‘मृदू पोलादाच्या नमुन्यांचे दीर्घकालीन अनावृत परीक्षण करण्यात आले असता असे आढळून आले की,’ अशी सुरुवात होती आणि पुढे दोन तक्ते. तिला तीन लाइक मिळाले. एक बायकोचा, एक वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांचा, आणि एक स्वतः डॉक्टरांचा, तो पोस्ट खाली सरकवताना अंगठा लागून पडला होता. तो परत कसा घ्यायचा हे त्यांना कळेना. स्वतःचीच पाठ थोपटताना भर चौकात पकडला गेलेला माणूस जसा दिसेल तसे ते दोन दिवस दिसत होते.

विमावाले संध्याकाळी मुद्दाम खाली आले. सल्ला द्यायला त्यांना कधीच जिना जड वाटत नाही.

“डॉक्टर, राग मानू नका, पण तुमच्या पोस्टमध्ये माणूसच नाही. ‘आढळून आले’! अहो, कोणाला आढळलं? आणि फोटो कुठाय? पांढरा कोट घालून, हाताची घडी. लोक चेहऱ्यावर विश्वास टाकतात. मी पॉलिसी विकतो ती काय पॉलिसीवर?”

“माझ्याकडे पांढरा कोट नाही,” डॉक्टर म्हणाले. “गंजाच्या कामात पांढरं कोण घालेल?”

“समोरच्या दातवाल्या बाईंचा आणू. मापाचा होईल.”

मापाचा झाला. फोटो विमावाल्यांनीच काढला, आणि तो खरोखर रुबाबदार आला. डॉक्टरांनी तो ‘आज सांगायला अत्यंत आनंद होतो की’ या शब्दांसह टाकला, कारण साइटवर सगळेच तसं लिहीत होते, नोकरी गेल्याचंसुद्धा. कोटाच्या खिशावर निळ्या धाग्याने ‘दंतशल्यचिकित्सक’ असं भरलेलं आहे हे बायकोच्या लक्षात आलं तेव्हा एकशे बारा लोकांनी पोस्ट पाहिली होती. चौघांनी अक्कलदाढेबद्दल विचारलं. एका गृहस्थांनी खालच्या दाढेचा फोटोच पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून पाहिला आणि त्यांना नाइलाजाने कबूल करावं लागलं, की भरलेल्या चांदीच्या कडेला काळसर झीज फार स्पष्ट दिसते आहे. त्यांनी तसं सविस्तर कळवलं. गृहस्थांनी त्यांना पाच तारे दिले.

पण जोडीदाराचा काही पत्ता नव्हता.

मग डॉक्टरांनी विमावाल्यांचा सल्ला मनावर घेतला आणि पोस्टमध्ये माणूस घातला. तिसरी पोस्ट खरोखर त्यांची होती. ‘तीस वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर तीस पट्ट्या टांगल्या. त्यातली शेवटची आम्ही या महिन्याच्या तीस तारखेला सकाळी दहा वाजता उतरवणार आहोत.’ दोनच वाक्यं. पण लिहून झाल्यावर ते बराच वेळ खिडकीपाशी उभे होते.

एव्हाना दाढेचं प्रकरण संस्थेत पोचलं होतं, त्यामुळे प्रत्येक पोस्ट आधी जनसंपर्क कक्षाकडून मंजूर करून घ्यावी असं दुसरं परिपत्रक निघालं होतं. जनसंपर्क अधिकारी बाई उत्साही होत्या. त्यांच्या टेबलावर झाडांच्या कुंड्यांपेक्षा फायली कमी होत्या, यावरून त्या नवीन आहेत हे कळत होतं.

“सर, मस्त आहे! छोटं आहे, तारीख आहे. फक्त एकच. हे ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे…” डॉक्टर थांबले. “आम्ही.”

“नाही, म्हणजे किती जण? अनेकवचन असेल तर नमुना सात-ब लागतो. प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि संमतीची सही. मागे एकांनी ‘आम्ही’ लिहिलं, आणि त्यांतल्या एकाने तक्रार केली की मी त्यांच्यात नव्हतोच.”

“आम्ही दोघं होतो. आता मी एकटा आहे.”

“अरेरे. कधी वारले?”

“वारले नाहीत! रंगाच्या कंपनीत आहेत.”

बाईंना यातला फरक कळायला थोडा वेळ लागला, कारण डॉक्टरांचा चेहरा तसाच राहिला होता. “मग सोपं आहे सर,” त्या म्हणाल्या. “‘मी’ लिहा. एका सहीत काम.”

डॉक्टर घरी आले आणि ‘मी’ लिहायला बसले. ‘मी तीस पट्ट्या टांगल्या.’ हे तर खोटं होतं. शिडीवर जोडीदार चढला होता, डॉक्टरांनी खालून शिडी धरली होती आणि ‘जपून’ म्हटलं होतं. ‘मी तीस वर्षं गंज मोजला.’ हे पोलीस चौकीत दिलेल्या जबाबासारखं वाटत होतं. ‘मी’ हा शब्द कागदावर दातवाल्या बाईंच्या कोटासारखाच दिसत होता. मापाचा, पण दुसऱ्याचा.

फाइल दरम्यान साहेबांपर्यंत जाऊन आली होती. साहेबांनी समासात लिहिलं होतं, ‘आम्ही म्हणवून घ्यायला हे कुठले राजे? चर्चा करावी.’ ही ओळ डॉक्टरांना फार लागली. ज्या माणसाला तीस वर्षांत स्वतःचं कपाट मिळालं नाही, त्याला राज्य बहाल करण्याची ही तऱ्हा त्यांना क्रूर वाटली.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करताच विचारलं, “पोस्ट टाकायचीय, की भावजींना बोलवायचंय?”

“पोस्ट टाकायचीय. हुकूम आहे.”

“हो का? मग दाढेची पोस्ट एकशे बारा जणांनी पाहिली तेव्हा प्रत्येकाचं नाव का वाचत बसला होतात?”

डॉक्टरांनी परिपत्रकाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, “त्याचा नंबर असेल का कुठे?”

“बदलला. आठ वर्षं झाली. मी लावून बघितला होता.” तिने एक जून शेंग बाजूला टाकली. “दोनदा.”

हे डॉक्टरांना नवीन होतं. त्यांनी ती जून शेंग उचलली आणि उगाच सोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाच्या कंपनीत फोन केला. घराचा रंग निवडण्यासाठी एक दाबा, रंगाचे पोपडे निघत असल्यास दोन दाबा. जुन्या मित्रासाठी काय दाबायचं ते यंत्र सांगेना. डॉक्टरांनी सगळी बटणं क्रमाने दाबून पाहिली. चार दिवसांनी घरी एक जाडजूड रंगपुस्तिका आली आणि एक माणूस भिंती मोजायला आला.

शेवटी त्यांनी साइटवरच शोधलं. त्या नावाचे एकेचाळीस लोक निघाले. डॉक्टरांनी जेवणानंतर एकेक चेहरा तपासायला घेतला. अकरा वर्षांत माणूस किती जाड होतो, केस किती मागे हटतात, याचा अंदाज ते मनाशी करत होते. लोखंडाचं त्यांना नक्की सांगता आलं असतं. सत्ताविसाव्या फोटोतल्या माणसाने डोक्याला टोपी आणि डोळ्यांना पाण्यातला चष्मा लावला होता. चेहरा दिसत नव्हता. पण कान ओळखीचे वाटले.

डॉक्टरांनी त्याला लिहिलं. चार ओळी लिहायच्या ठरवल्या होत्या, झाली दोन पानं. नमुना सात-बची गोष्ट पहिल्याच ओळीत संपली. मग पट्ट्या आल्या, शिडी आली, आणि मग तो शेवटचा दिवस आला. जोडीदार निरोप घ्यायला खोलीच्या दाराशी आला होता. डॉक्टर मागे न वळता म्हणाले होते, ‘थांब, वजन चाललंय.’ तो थांबला. पंधरा मिनिटं थांबला आणि गेला. ‘तुला सांगायचं राहिलं,’ डॉक्टरांनी लिहिलं, ‘काट्यावर त्या वेळी काहीही नव्हतं.’

पाठवून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते स्वतः जाऊन दूध घेऊन आले.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘आदरणीय सर, मी पोहण्याचा मास्तर आहे. आपण भेटलेलो नाही. पण तुमचं पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनाही भरून आलं. सही कुठे करू?’

डॉक्टरांचे कान लाल झाले. जन्मात कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी एका तरणतलावाला सांगितली होती. त्यांनी घाईघाईने क्षमा मागितली. मास्तरांनी ती उडवूनच लावली. ‘सर, नाव तेच आहे. हुद्दा तेवढा सांगा. एका सहीने दोन मित्र जवळ येत असतील तर माझं काय जातं?’

गंमत अशी, की ही सही चाललीही असती. जनसंपर्क बाईंनी नुसतं नाव जुळवलं असतं, शिक्का मारला असता, साहेबांच्या समासातला प्रश्न निकालात निघाला असता. विमावाल्यांनी तर हातच जोडले. “डॉक्टर, देव तुम्हाला आयती सही देतोय आणि तुम्ही तिचे कान तपासताय!”

“मला सही नकोय हो,” डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच दचकले. इतके दिवस ज्या सहीमागे ते धावत होते, ती नको आहे हे त्यांना त्या क्षणी विमावाल्यांच्या बरोबरच कळलं.

मास्तर मात्र रोज सकाळी विचारू लागले. ‘मिळाले का?’ डॉक्टर लिहीत, ‘अजून नाही.’ मास्तर लिहीत, ‘मिळतील. तलावाच्या शिडीला गंज आलाय, काय करू?’ असा त्यांचा पत्रव्यवहार छान सुरू झाला.

अठ्ठावीस तारखेला डॉक्टर नमुना सात-ब घेऊन जनसंपर्क कक्षात गेले. पहिल्या रकान्यात त्यांची सही होती. दुसरा रकाना कोरा होता.

“‘मी’ लिहिता येत नाही मला,” ते म्हणाले. “प्रयत्न केला. आणि दुसरी सही मिळत नाही. तेव्हा पोस्ट राहू द्या. ताशेरा मारायचा तर मारा.”

बाईंनी कोऱ्या रकान्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. “सर, नियम मजकुराला आहे. व्हिडिओला नाही,” त्या म्हणाल्या. “मी तीस तारखेला येते कॅमेरा घेऊन. तुम्ही काही लिहूच नका. वजन करा फक्त.”

तीस तारखेला शेवटची पट्टी उतरली. तिचा गंज उतरवून, धुऊन, वाळवून ती काट्याच्या खोलीत आणली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. काट्याची खोली म्हणजे एक दगडी ओटा, त्यावर काचेच्या पेटीतला काटा, आणि दोन स्टुलं. या खोलीत पंखा लावत नाहीत, श्वाससुद्धा बेताने घेतात. वजनाची रीत ठरलेली. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने तो ऐकून मोठ्याने परत म्हणायचा, आणि मगच वहीत लिहायचा. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. गेली दहा वर्षं डॉक्टर दोन्ही कामं स्वतःच करत. आकडा वाचत, मग दुसऱ्या स्टुलावर जाऊन जरा घोगऱ्या आवाजात तोच परत म्हणत. बाहेरच्या शिपायाला दोन आवाज ऐकू येत, म्हणून तो दरवर्षी दोन कप चहा आणून ठेवी. डॉक्टर दोन्ही पीत.

आज मात्र कॅमेरा होता. डॉक्टरांनी पेटीचं दार लावलं, आकडे स्थिर होऊ दिले आणि वाचलं, “ब्याऐंशी पूर्णांक शून्य चार सात तीन.”

आणि ते थांबले. कॅमेऱ्यासमोर घोगरा आवाज काढायची त्यांना लाज वाटली. ते रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिले. बाईंना वाटलं, अजून काही बोलणार असतील. त्या कॅमेरा धरून उभ्या राहिल्या. खोलीत पंखा नव्हताच. असं बराच वेळ चाललं.

व्हिडिओ पाच वाजता संस्थेच्या खात्यावर गेला. खाली प्रेरणादायी संगीत घातलं होतं, तेही बरंच जोरात, त्यामुळे नेमक्या आकड्याच्या वेळी बासऱ्या आणि ढोल वाजत होते. त्यानंतर डॉक्टर नुसते पाहताहेत. लोकांनी लिहिलं, ‘नेट गेलं का?’ ‘सर हँग झाले.’ ‘रीस्टार्ट करून बघा.’ मास्तरांनी तीन हृदयं टाकली. एका अनोळखी बाईंनी लिहिलं, ‘हे कोणाची वाट पाहताहेत?’ आणि त्याला मात्र सातशे लाइक आले.

डॉक्टर घरी सोफ्यावर बसून सगळ्या कमेंट वाचत होते. बायको शेजारी. जोडीदार त्यात नव्हता. साडेसहाला त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, “वजन बरोबर आलं. ते महत्त्वाचं.”

“हो,” बायको म्हणाली.

पावणेसातला जनसंपर्क बाईंचा फोन आला. “सर, एक गंमत. एका रंगाच्या डब्याचा फोटो लावलेल्या खात्यावरून कमेंट आली होती. मला जाहिरात वाटली म्हणून मी लपवली. फोन नंबर टाकणाऱ्यांना आपण लपवतोच. पण आता वाचते तर लिहिलंय, ‘ढोल बंद करा. आकडा ऐकू आला नाही. फोन कर.’ ‘कर’ म्हटलंय सर, ‘करा’ नाही. तुमच्यापैकी कोणी आहे का?”

डॉक्टर उठून उभे राहिले. बायकोनेच फोन घेतला आणि नंबर वर्तमानपत्राच्या कडेला उतरवला. उतरवून झाल्यावर तिने तो मोजला. “अहो, हे तर नऊच आकडे आहेत.”

बाईंनी तपासून सांगितलं, नऊच आहेत. घाईत शेवटचा आकडा टाकायचा राहिला होता. चार दशांश स्थळांपर्यंत मोजण्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी! डॉक्टर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि ते हसणं नीट न जमल्यामुळे त्यांना चष्मा पुसावा लागला.

“दहाच शक्यता आहेत,” ते म्हणाले. “शून्यापासून घेऊ.”

शून्याचा फोन बंद होता. एकने ‘पार्सल गेटवरच ठेवा’ म्हणून फोन आपटला. दोनच्या बाईंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “मिळाले की मलाही कळवा हं.” तीन हा क्रमांक अस्तित्वात नव्हता. चार वाजत राहिला. बायकोने कडेला लिहिलं, ‘परत लावणे.’

पाच लावताना डॉक्टरांनी घसा साफ केला. त्यांनी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. त्यात रिकामा काटा होता, दार होतं, पंधरा मिनिटं होती.

फोन उचलला गेला. पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, बेताने घेतलेला.

तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं. डॉक्टर म्हणाले, “ब्याऐंशी पूर्णांक शून्य चार सात तीन.”

पलीकडे काही तरी पडलं. एक खण ओढल्याचा आवाज झाला, मग कागद चाळल्याचा. आणि मग तोच जुना, चिडका आवाज आला.

“अरे, हळू सांग की जरा. लिहितोय.”